गोवराचं पान आणि दोन समित्या

आमच्या खात्यात आजारांपेक्षा समित्या जास्त आहेत, आणि समितीवर अजून तरी कुणी लस शोधलेली नाही. मी आरोग्य खात्याच्या माहिती विभागात नोकरी करते. खात्याच्या वेबसाइटवर जो मजकूर जातो तो साध्या माणसाला कळेल असा करून देणं, हे माझं काम. कुणी विचारलंच तर मी सांगते, मी अवघड गोष्टी सोप्या करते. त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, जो स्वतः लिफ्ट दुरुस्त करतो, मला एकदा म्हणाला, "ताई, मी तुमची वेबसाइट बघितली. तेव्हा तुम्ही रजेवर होता का?"

मी रजेवर नव्हते. मी तिथेच होते, दोन मजल्यांच्या मध्ये.

वरच्या मजल्यावर अचूकता समिती बसते. तिचे अध्यक्ष एक प्राध्यापक आहेत. तोंडावर आम्ही त्यांना सर म्हणतो, पाठीमागे तळटीप म्हणतो. पाणी ओलं असतं असं कुणी लिहिलं, तर ते लाल पेनाने समासात विचारणार, कोणत्या तापमानाला, आणि संदर्भ काय. माणूस वाईट नाही. खोटं एक अक्षर त्यांच्या हातून सुटत नाही. खरंही सहसा सुटत नाही, पण ते असो.

खालच्या मजल्यावर सुलभता समिती बसते. तिच्या अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. बाईंकडे एक संगणकाचा प्रोग्रॅम आहे, त्याला आम्ही तराजू म्हणतो. त्यात मजकूर टाकला की तो शब्द किती लांब आहेत आणि वाक्यं किती लांब आहेत हे मोजतो आणि शंभरापैकी गुण देतो. शब्द छोटे, वाक्यं छोटी, की गुण जास्त. त्या वाक्यांत म्हटलंय काय, हे तराजूला कळत नाही. बाईंना कळतं, पण त्या म्हणतात की त्यात आपण लुडबुड करू नये.

आता गोवराच्या लसीचं पान घ्या. मी ते सोपं लिहून वर पाठवायची. वरून ते तळटिपा लेवून खाली यायचं. खाली तराजू त्याला नापास करायचा. मी पुन्हा कापून-छाटून वर पाठवायची, आणि वर सर म्हणायचे, यातला अर्धा भाग कुठे गेला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं ते पान माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं उपाशी पडलं होतं. तोवर वेबसाइटवर जुनं पान होतं. त्यातलं पहिलं वाक्य मला पाठ आहे: "सदर लसीकरणाच्या अनुषंगाने उद्भवू शकणाऱ्या सौम्य प्रतिक्रियांबाबत पालकांनी अनाठायी भीती बाळगण्याचे प्रयोजन नसले, तरी अशा प्रतिक्रिया उद्भवणारच नाहीत असे गृहीत धरणेही उचित ठरणार नाही." वाचून झालं की आई घाबरायची ती लसीला नाही, वाक्याला.

यंदा बाईंनी एक पुरस्कार काढला. इंटरनेटवर आपल्या भाषेत आरोग्यावरची जेवढी पानं आहेत तेवढी सगळी तराजूवर घालायची, आणि ज्याला सर्वांत जास्त गुण त्याला आमच्या खात्याचा सोनेरी शिक्का द्यायचा. 'सुबोध पान'. शिक्का त्या पानाच्या डोक्यावर झळकणार. कल्पना वाईट नव्हती. फक्त निकाल लागला तेव्हा पहिले आले थेंबवाले काका.

हे काका बाळांसाठी गोड थेंबांच्या बाटल्या विकतात. पानावर त्यांचा फोटो आहे, पांढरा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा, चेहरा असा की पोटच्या पोराला घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावं. आणि मजकूर असा: "आई, घाबरलीस? बस. पाणी पी. गोवर येतो. गोवर जातो. अंग लाल होतं. मग बरं होतं. सुई कशाला? थेंब आहेत. गोड आहेत. बाळ हसेल." शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन गुण कुठे गेले म्हणून बाई हळहळत होत्या.

मी बैठकीतच म्हटलं, "बाई, हा माणूस थापा मारतोय. गोवराने मुलं दगावतात."

"पण किती छान सांगतोय," बाई म्हणाल्या. "चार शब्दांच्या वर एक वाक्य नाही. आपल्या लोकांना हे का जमत नाही?"

"आपल्या लोकांना खरं सांगायचं असतं म्हणून. बाई, हे खोटं आहे."

"खरं-खोटं वरच्या मजल्यावर," बाई शांतपणे म्हणाल्या आणि पुढचा विषय घेतला.

मी तशीच जिना चढून वर गेले. सरांनी पान वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "हे भयंकर आहे," ते म्हणाले. "यात एक वाक्य धड नाही."

"मग शिक्का थांबवा, सर."

"कसा थांबवू? आमची कक्षा खात्याच्या पानांपुरती. हे पान बाहेरचं. खात्याचं असतं तर मी ते आत्ता रद्द केलं असतं."

"अहो सर, कुंपणच शेत खातंय."

"कोणतं शेत?" सरांनी विचारलं आणि पेन उघडलं.

शेवटी मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. निवृत्तीला आलेत, आणि वादळात झाड कसं वाकतं हे त्यांच्याकडून शिकावं. त्यांनी एवढंच विचारलं, "दोन्ही समित्यांनी नियमाप्रमाणे काम केलं ना? मग झालं तर." शिक्का गेला. मी घरी जाऊन दोन भांडी आपटली आणि मनाला समजावलं, की असली पानं वाचतं कोण.

वाचत होती माझी बहीण.

माझी धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते आणि नंबर काढते. तिला एक मुलगी आहे, नुकतीच रांगायला लागलेली. आम्ही तिला गोटी म्हणतो, कारण ती गोल आहे आणि जिथे ठेवाल तिथे राहत नाही. दिवसा ती पाळणाघरात असते. मागच्या एका सुईनंतर गोटीला ताप आला होता आणि धाकटी रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फिरली होती, तेव्हापासून सुई म्हटलं की धाकटीच्याच अंगावर काटा येतो. गोवराच्या लसीची तारीख त्या आठवड्यातच होती. रविवारी मी तिच्या घरी गेले आणि पायातल्या चपला काढता काढता विचारलं, "दिली का लस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "जरा थांबतोय आम्ही."

"आम्ही कोण?" मी मेहुण्यांकडे बघितलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात डोकं घातलं.

धाकटीने मोबाइल पुढे केला. थेंबवाले काका माझ्याकडे बघून हसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर आमचा सोनेरी शिक्का.

"तुझ्याच खात्याचा आहे ना, ताई? मी नीट मोठा करून बघितला. खोटा असता तर मी विश्वास ठेवला नसता."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काय बोलणार? मी सांगायला लागले, की हा शिक्का खरा आहे पण पान खोटं आहे, म्हणजे शिक्का पानाला आहे पण पानातल्या मजकुराला नाही, म्हणजे मजकुराला आहे पण त्याच्या अर्थाला नाही. माझं मलाच ते ऐकवेना. धाकटी माझ्याकडे तशीच बघत राहिली, जशी ती दुकानात चुकीचं अक्षर सांगणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत असेल.

"मग खरं काय ते कुठे लिहिलंय?" तिने विचारलं.

काखेत कळसा होता. मी आमचं पान उघडून तिला दिलं. तिने पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, मध्ये दोनदा श्वास घेतला, शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली आणि पुन्हा वर गेली. मग मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला. "ताई, मी रोज शंभर लोकांना वाचायला लावते. याला कुठल्याही नंबरचा चष्मा लागू होणार नाही."

तेवढ्यात डब्यातून डोकं काढून मेहुणे म्हणाले, "पाळणाघरातला तो कुरळ्या केसांचा मुलगा आहे ना, त्याला ताप आहे चार दिवस. आज अंगावर पुरळ उठलंय म्हणे."

गोवर एका खोलीत शिरला की लस न घेतलेल्या मुलांना सहसा सोडत नाही, हे मी इतक्या वेळा टाइप केलंय. गोटी त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर रांगत होती. आणि मी काय केलं, तर ओरडले. म्हटलं, "अक्कल काय दुकानात गहाण ठेवून आलीस? कुणा थेंबवाल्याचं ऐकून पोरीच्या जिवाशी खेळतेस?" मी मुळात फटकळ, त्यात घाबरलेली. गोटी दचकून रडायला लागली.

धाकटीने तिला उचललं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अजिबात चढला नाही. "बघ, तू ओरडतेस," ती म्हणाली. "तुमचं पान तर माझ्याशी बोलतच नाही. ते काका म्हणतात, घाबरलीस का, बस, पाणी पी. तेवढं तरी कुणी विचारलं का मला?"

मी चपला घातल्या आणि निघाले. बस येईपर्यंत मी तिच्यावर चिडले होते. बसमध्ये बसल्यावर मात्र मला नुसती भीती वाटत होती, आणि तिचं शेवटचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सोमवारी ऑफिसात गेले ती सरळ टेबलाशी बसले आणि धाकटी समोर बसली आहे असं समजून लिहून काढलं. "बाळाला गोवराची सुई द्यायची म्हणून पोटात गोळा आलाय? येणारच. आपल्या हाताने बाळाला रडवायला कुणाला आवडतं? आधी बस, आणि हे ऐक. गोवर म्हणजे नुसतं लाल अंग नव्हे. तो छातीत उतरतो, कानात उतरतो, कधी मेंदूपर्यंत जातो. कोणतं मूल त्यातून सहज सुटेल आणि कोणतं नाही, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. सुईनंतर काही बाळांना आठवडाभराने ताप येतो, थोडं पुरळ येतं. ते आपोआप जातं. फार क्वचित जास्त त्रास होतो, म्हणून सुई दिल्यावर थोडा वेळ तिथेच बसवून ठेवतात. बाळाला काही मोठं आजारपण असेल, किंवा आधीच्या सुईने जोराची ॲलर्जी आली असेल, तर डॉक्टरांना आधी सांग. नाहीतर जा आणि देऊन ये. ताप आला तर मी आहेच की जागायला. आणि दुसरी सुई चुकवू नको." ताप आला तर मी आहे, हे वाक्य फक्त खात्याच्या प्रतीतून काढलं, कारण सगळ्या लोकांकडे जागायला जाणं मला जमलं नसतं.

तराजूने एक्याण्णव गुण दिले. बाई खूश झाल्या. मी उड्या मारत वर गेले. दुपारी पान खाली आलं तेव्हा ते ओळखू येत नव्हतं. 'पोटात गोळा' या शब्दांभोवती लाल वर्तुळ होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "अशा लक्षणासाठी स्वतंत्र तपासणी आवश्यक." 'काही बाळांना' याच्या जागी आकडे, आकड्यांवर टिपा, टिपांवर अपवाद. तराजूवर पुन्हा घातलं तर अठरा गुण. बाईंनी ते दोन बोटांनी धरून मला परत दिलं.

मग मी एक साधी गोष्ट केली. माझी मूळ प्रत माझ्याच मोबाइलवरून धाकटीला पाठवली, जागायच्या वाक्यासकट. खाली लिहिलं, "काल ओरडले. ओरडायला नको होतं. पाणी पी." तिने वाचलं असं दिसत होतं. उत्तर आलं नाही. मी दिवसभर मोबाइल बघत राहिले, आणि नळाला पाणी आलं की नाही हे बघायला माणूस उठतो तशी दर थोड्या वेळाने उठत राहिले.

मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. "गोटीला थोडी सर्दी आहे, डॉक्टर म्हणाले सर्दीने काही अडत नाही. पण ह्यांना सुट्टी शुक्रवारीच मिळतेय. शुक्रवारी देतोय. तू ये धरायला, माझ्याच्याने बघवणार नाही." मी भाजीच्या दुकानात होते. तिथेच उभ्या उभ्या मला रडू आलं, आणि दुकानदाराने मला भाव कमी करून दिला.

पण आमच्या घरात कुठली गोष्ट आमच्यापुरती राहिली आहे? धाकटीने तो मेसेज पाळणाघरातल्या मुलांच्या आयांच्या ग्रुपवर टाकला आणि वर प्रेमाने लिहिलं, "माझी ताई आरोग्य खात्यात आहे." कुरळ्या केसांच्या मुलाला तोवर दवाखान्यात ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्या आया हादरलेल्या. त्यांनी तो आपापल्या बहिणींना, जावांना, नणंदांना पाठवला. बुधवारपर्यंत वरच्या ओळीतली ताई गळून पडली आणि नुसतं 'आरोग्य खात्याकडून' एवढंच राहिलं. गुरुवारी सकाळी तो मेसेज साहेबांना त्यांच्या सुनेने पाठवला.

आणि मग, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच, दोन्ही समित्या एका खोलीत एकत्र बसल्या. खुर्च्या कमी पडल्या.

"खात्याच्या नावाने कुणीतरी मजकूर फिरवतंय," साहेब म्हणाले. "ही फसवणूक आहे."

"गुण किती?" बाईंनी विचारलं.

सर म्हणाले, "गुणांचा प्रश्न नाही. हा मजकूर समितीने तपासून संमत केलेला नाही. जे संमत नाही ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते खरं आहे असं म्हणायलाही आपल्याकडे आधार नाही." स्वतःच्याच लाल शाईखाली हा मजकूर त्यांनी सोमवारी बघितला होता. शाई नसल्यामुळे त्यांनी तो ओळखला नाही.

मला राहवलं नाही. "मी लिहिलाय तो," मी म्हटलं. "माझ्या बहिणीसाठी. आणि त्यात एक शब्द चुकीचा असेल तर दाखवा."

मला वाटलं, आता नोकरी गेली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असं का," ते म्हणाले. "मग खुलासाही तुम्हीच करा. तुम्हाला विषय माहीत आहे."

"आणि काकांच्या शिक्क्याचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही."

"शिक्का गुण कमी झाले तरच काढता येतो," बाई म्हणाल्या. "त्यांचे कमी झालेले नाहीत. उलट आता नव्याण्णव आहेत."

साहेबांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर काहीतरी खरडून माझ्याकडे सरकवलं. "एवढंच सांगायचं आहे. तुमच्या पद्धतीने सोपं करा. लोकांना कळलं पाहिजे. तातडीचा खुलासा आहे, तराजूची गरज नाही, फक्त सरांची सही घ्या. दुपारपर्यंत सगळीकडे गेला पाहिजे."

लिफाफ्यावर लिहिलं होतं: "हा मेसेज आमचा नाही. त्यावर विश्वास ठेवू नका."

आयुष्यभर 'सदर' आणि 'तथापि' यांच्याशिवाय ज्यांनी चहासुद्धा मागवला नाही, त्या माणसाने नोकरीत पहिल्यांदा सरळ वाक्य लिहिलं होतं, आणि ते नेमकं इथे. मी टेबलाशी जाऊन त्या दोन ओळींकडे बघत बसले. उद्या शुक्रवार. धाकटी कशीबशी तयार झालेली. तिच्या मोबाइलवर या दोन ओळी आल्या की ती गोटीला कुशीत घेऊन घरी बसणार, आणि तिच्याबरोबर पाळणाघरातल्या सगळ्या आया बसणार. काका आहेतच मग पाणी पाजायला. न लिहावं, तर साहेबांचा लिफाफा दुसरा कुणीतरी जसाच्या तसा छापणार. त्याला सोपं करायलासुद्धा काही नव्हतं.

इतकी वर्षं मी अवघड ते सोपं करत आले. त्या दिवशी मी बाह्या सावरल्या आणि सोपं ते अवघड करायला बसले. वरच्या मजल्यावरून आलेल्या सगळ्या पानांची आठवण कामी आली. शेवटी हे तयार झालं: "समाजमाध्यमांवर सद्यःस्थितीत प्रसृत होत असलेल्या, गोवर प्रतिबंधक लसीकरणाच्या अनुषंगाने पालकवर्गास उद्देशून असलेल्या मजकुराच्या प्रमाणीकरणाची प्रक्रिया सक्षम स्तरावर विचाराधीन असल्याने, सदर मजकूर खात्याच्या अधिकृत मजकुरात अंतर्भूत असल्याचे वा नसल्याचे गृहीत धरण्यात येऊ नये, तथापि विहित वेळापत्रकानुसार लसीकरण करून घेण्याच्या पालकांच्या कर्तव्यास त्यामुळे कोणत्याही प्रकारे बाधा पोहोचत नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी दोनदा तपासलं.

सरांनी वाचलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला त्यांची दया आली. "आता कुठे तुमच्या लिहिण्याला शिस्त आली," ते म्हणाले. त्यांनी आनंदाने एक तळटीप जोडली आणि सही केली. जाता जाता बाईंनी हौसेखातर तो तराजूवर घालून बघितला. तराजू बराच वेळ फिरत राहिला आणि मग बंद पडला.

शुक्रवारी सकाळी आम्ही लसीकरण केंद्रावर गेलो. ते दवाखान्याच्या तळमजल्यावर आहे. मला तिथून ऑफिस गाठायचं होतं, म्हणून ओळखपत्र गळ्यातच होतं. बाकांवर आया बसलेल्या, मांडीवर बाळं, हातात मोबाइल. त्यातल्या एकीने खुलासा उघडला होता आणि ती शेजारणीला वाचून दाखवत होती. 'प्रमाणीकरणाची' पर्यंत गेली आणि थांबली.

"म्हणजे काय? द्यायची ना सुई?" शेजारणीने विचारलं.

"द्यायचीच असणार. एवढं लांबलचक आहे म्हणजे खात्याचंच आहे. नको म्हणायचं असतं तर सरळ म्हणाले असते."

धाकटीने मला कोपराने ढोसलं. "ताई, काय म्हणतंय तुमचं खातं?"

"सुई द्या म्हणतंय."

"मग एवढं वळसे घेऊन?"

"त्यांना तसंच येतं," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं. गोटीला मी धरलं. धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मेहुण्यांनी छताकडे बघितलं. सुई टोचली, गोटीने सगळं केंद्र डोक्यावर घेतलं, आणि मी तिच्या घामेजलेल्या डोक्याचा वास घेत तिला थोपटत राहिले. मला त्या क्षणी साहेब, सर, बाई, सगळे आवडत होते.

थोडा वेळ बसायला सांगितलं होतं म्हणून आम्ही बाकावर बसलो. जिन्यावरून एक तरुणी पाण्याची रिकामी बाटली घेऊन खाली आली. वर लहान मुलांचा वॉर्ड आहे. धाकटी पटकन उठली. ती त्या कुरळ्या केसांच्या मुलाची आई होती.

"कसा आहे?" धाकटीने विचारलं.

"ताप उतरला. छातीतलंही सुटतंय म्हणाले. कानाचं अजून काही सांगत नाहीत. डावीकडून हाक मारली तर वळत नाही." ती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मला नीट ऐकू आलं नसावं असंच वाटलं. मग तिची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. तिने खिशातून मोबाइल काढला, एक पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. काका हसत होते.

"हा शिक्का तुमच्याच खात्याचा ना?"

"हो."

"मला यातलं काही कळत नाही हो. म्हणून म्हटलं, शिक्का बघावा. हा बघितला आणि निर्धास्त झाले." ती चिडलेली नव्हती. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "कशाबद्दल देता तुम्ही हा?"

गोटी माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. "सोपं लिहिलं की देतात," मी म्हटलं.

"आणि खरं लिहिलं की?"

"त्यासाठी शिक्का अजून बनलेला नाही."

तिने मान हलवली, जणू दवाखान्यात इतर दहा गोष्टी सांगतात त्यातलीच ही एक. नळावर जाऊन बाटली भरली, झाकण घट्ट लावलं आणि जिना चढून वर गेली.